पॉलिसीला चिकटवलेली चिठ्ठी

(रेल्वे व टपाल कामगारांच्या संयुक्त अभ्यासवर्गात युनियनच्या सचिवांनी केलेले भाषण)



आपल्या वर्गात नेहमी बदल्या, बढत्या, ड्यूटीचे तास, रिक्त जागा हे विषय असतात. आज आम्ही मुद्दाम वेगळा विषय घेतला आहे. तो कोणत्याही मागणीपत्रकात नाही आणि त्यासाठी कोणाच्या केबिनसमोर बसायचेही नाही. ज्याच्या-त्याच्या घरच्या ट्रंकेत किंवा कपाटात तो पडून आहे. विम्याच्या पॉलिसीला जी चिठ्ठी चिकटवलेली असते किंवा तिच्या पाठीवर जो शिक्का मारलेला असतो, त्याबद्दल आज बोलायचे आहे. इंग्रजीत तिला एन्डॉर्समेंट म्हणतात आणि सरकारी मराठीत पृष्ठांकन.

कोणी म्हणेल, हे काम विमा एजंटाचे, युनियनला यात काय पडले आहे? पण सभासद ड्यूटीवर किंवा आजाराने गेला की त्याच्या घरची माणसे पहिल्यांदा युनियन ऑफिसातच येतात. वहिनी प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळे कागद घेऊन येतात आणि म्हणतात, "भाऊ, यातले काय कामाचे ते तुम्हीच बघा." पिशवीत पॉलिसी असते, हप्ते भरलेले असतात, तरीही पैसे अडतात. ते का अडतात हे शोधताना आम्हांला बहुतेक वेळा एकच गोष्ट दिसली. पॉलिसीचा छापील कागद माणसाने जपून ठेवलेला असतो, पण नंतर आयुष्यात जे बदल झाले ते त्या कागदावर चढलेले नसतात. किंवा चढलेले असतात, पण ते कोणी वाचलेले नसतात.

एन्डॉर्समेंट म्हणजे काय?

रेल्वेतल्या माणसाला हे समजावून सांगायला वेळ लागत नाही. आपल्याकडे नियमांचे पुस्तक असते, आणि त्यात नियम बदलला की पुस्तक नव्याने छापत नाहीत, करेक्शन स्लिप काढतात. ती स्लिप आपण त्या-त्या पानावर चिकटवतो. त्यानंतर खाली छापलेली ओळ मेली आणि स्लिपवरची ओळ जिवंत झाली. चौकशी बसली की साहेब विचारतात, स्लिप चिकटवली होती का? "पुस्तकात तर असे छापले आहे" हे उत्तर तिथे चालत नाही.

लोको पायलट बंधूंना कॉशन ऑर्डरचे उदाहरण जास्त जवळचे वाटेल. वेळापत्रकात ताशी १०० चा वेग असला आणि कॉशन ऑर्डरमध्ये अमुक किलोमीटर ते अमुक किलोमीटर ताशी २० लिहिले असले, तर तेवढ्या टप्प्यात २० नेच जायचे. पण तेवढ्याच टप्प्यात. बाकी मार्गाला वेळापत्रक लागू राहते. टपालातल्या बंधूंनी पत्ता बदललेले पत्र आठवावे. मूळ पत्ता स्वच्छ छापलेला असला तरी बाजूला हाताने लिहिलेला नवा पत्ता पाहूनच पत्र पुढे जाते.

पॉलिसीचेही असेच आहे. विमा हा करार आहे. करार झाल्यावर त्यात काही घालायचे, काढायचे किंवा दुरुस्त करायचे असेल तर विमा उतरवणारी संस्था एक लेखी कागद काढते, त्यावर क्रमांक व तारीख घालते, आणि तो कागद मूळ पॉलिसीचा भाग होतो. पूर्वी तो बाँडला चिकटवत किंवा बाँडच्या मागे शिक्का मारून सही करत. आता बरेचदा पत्र येते किंवा संगणकावर नोंद होऊन ई-मेलने प्रत येते. रूप बदलले, अर्थ तोच राहिला.

यातून तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली : छापील मजकूर आणि चिठ्ठी यांत विरोध आला तर चिठ्ठी वरचढ ठरते, आणि दोन चिठ्ठ्यांत विरोध आला तर नंतरची.

दुसरी : चिठ्ठी जेवढे म्हणते तेवढेच बदलते. म्हणूनच तिच्या शेवटी "इतर सर्व अटी पूर्ववत" अशा अर्थाचे वाक्य असते. पत्ता बदलला म्हणून नॉमिनी बदलत नाही आणि नॉमिनी बदलला म्हणून नावातली चूक सुधारत नाही. प्रत्येक बदलाची वेगळी नोंद हवी.

तिसरी आणि सगळ्यांत महत्त्वाची : तुमचा अर्ज म्हणजे एन्डॉर्समेंट नव्हे. एजंट "होऊन जाईल" म्हणाला, तीही नव्हे. संस्थेने नोंद करून तुम्हांला लेखी कळवले की मगच बदल झाला असे धरा. मधल्या काळात काही घडले तर तुमच्या हातात काय असते? अर्जाची पोच असली तर भांडायला आधार असतो. पोचही नसेल तर ती नुसती तोंडची वाफ.

पगारातून कापणीची चिठ्ठी

आपल्यापैकी पुष्कळांच्या जीवन विमा महामंडळाच्या पॉलिसी वेतनबचत योजनेतल्या आहेत. हप्ता पगारातून कापला जातो. पगाराच्या पावतीवर आकडा दिसतो आणि माणूस निर्धास्त राहतो. पण या योजनेच्या पॉलिसीवर एक वेगळी एन्डॉर्समेंट असते, ती आपल्यापैकी किती जणांनी वाचली आहे? हात वर करा म्हटले तर फार हात येणार नाहीत.

त्या चिठ्ठीचा आशय साधारण असा असतो. दाखवलेला हप्ता कायम राहील, पण दोन अटींवर. एक, तुम्ही त्याच मालकाच्या नोकरीत असले पाहिजे. दोन, तो मालक पगारातून हप्ता कापून महामंडळाकडे विनाखर्च पाठवत असला पाहिजे. यांपैकी काही थांबले तर ते महामंडळाला कळवण्याची जबाबदारी विमेदाराची, म्हणजे तुमची. आणि त्यानंतरच्या हप्त्यांवर, जुन्या पॉलिसींवरच्या मजकुराप्रमाणे, मासिक हप्त्याचा म्हणून ५ टक्के जादा आकार बसतो.

आता बघा, एवढ्याशा चिठ्ठीने किती बदल केला. हप्ता कसा भरायचा, किती भरायचा आणि थांबला तर कोणी सांगायचे, हे तिन्ही तिने ठरवले. हे छापील पॉलिसीत शोधत बसाल तर सापडणार नाही.

आपली नोकरी बदलीची आहे. समजा, भुसावळ विभागातल्या माणसाची विनंती बदली इटारसीला झाली. झोन बदलला, पगार काढणारे कार्यालय बदलले. शेवटच्या पगाराच्या दाखल्यावर, म्हणजे एलपीसीवर, विम्याची कापणी लिहिली गेली नाही. नव्या ठिकाणी पहिला पगार हप्ता न कापता आला. हातात चार पैसे जास्त आले म्हणून घरात कोणी तक्रार करत नाही. मासिक हप्त्याला सवलतीचे दिवस फक्त १५. पॉलिसी नवीन असेल तर ती बंद पडायला वेळ लागत नाही, आणि बंद पडल्याचे त्या माणसाला कळतही नाही. दीर्घ रजा, बिनपगारी रजा, निलंबन, डेप्युटेशन या सगळ्या वेळी हेच होते.

इथे एक जमेची बाजूही सांगितली पाहिजे. मालकाने हप्ता कापला पण पुढे पाठवलाच नाही, अशी प्रकरणे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आहेत. दिल्लीच्या वीजपुरवठा उपक्रमातल्या एका कर्मचाऱ्याच्या पत्नीच्या प्रकरणात १९९९ साली न्यायालयाने सांगितले की, वेतनबचत योजनेपुरता मालक हा हप्ता गोळा करणारा महामंडळाचा प्रतिनिधी ठरतो. कामगाराने पाहिला तो पगार कापणारा मालक. मालक आणि महामंडळ यांच्यात आत काय ठरले हे त्याला कोण सांगायला गेले होते? तेव्हा मालकाच्या चुकीचा भुर्दंड विधवेवर पडू नये. २००५ साली राजीव कुमार भास्कर यांच्या प्रकरणातही न्यायालयाने हीच भूमिका घेतली.

हे निकाल आपल्या बाजूचे आहेत आणि आम्ही ते अर्जांत लिहितो. पण बंधूंनो, सर्वोच्च न्यायालयापर्यंत जायला किती वर्षे लागतात? तोवर त्या घराने काय खायचे? दर महिन्याला पगाराच्या पावतीवर विम्याची ओळ बघायला अर्धा मिनिट लागतो. बदली झाली की महामंडळाच्या शाखेला पत्र द्यायला एक दिवस लागतो. बैल गेल्यावर झोपा करण्यापेक्षा हे बरे.

नॉमिनी : लावलेला आणि राहिलेला

आपल्याकडे "पॉलिसीला वारस लावला" असे म्हणतात. या बोलण्यातच घोटाळा आहे. वारस कायद्याने ठरतो, तो लावता येत नाही. लावता येतो तो नॉमिनी. १९३८ च्या विमा कायद्याच्या ३९ व्या कलमाप्रमाणे पॉलिसी पूर्ण होण्याआधी केव्हाही एन्डॉर्समेंट करून नॉमिनी लावता येतो, बदलता येतो किंवा रद्द करता येतो. मृत्युपत्रानेही बदलता येतो. पण लेखी सूचना संस्थेपर्यंत पोहोचली नसेल आणि तिने नोंदीतल्या जुन्या नॉमिनीला प्रामाणिकपणे पैसे देऊन टाकले, तर संस्था मोकळी होते. मग घरातल्या घरात भांडत बसावे लागते.

माणूस विसाव्या-बाविसाव्या वर्षी नोकरीला लागतो. एजंट पहिल्याच पगाराला पॉलिसी देतो. लग्न झालेले नसते म्हणून नॉमिनी आई. पुढे लग्न होते, मुले होतात, आई थकते किंवा जाते. पॉलिसीवर मात्र तीच ओळ राहते. आमच्या ओळखीच्या एका खलाशाच्या घरी असेच झाले. नॉमिनी आई; ती त्याच्या आधी दोन वर्षे गेली. तो गेल्यावर नॉमिनी म्हणून हयात कोणीच नाही. मग पैसे वारसांना, आणि वारस कोण हे सिद्ध करायला कोर्टाचा वारस दाखला. वहिनींना कोर्टात तारखांवर तारखा घालाव्या लागल्या. एका चिठ्ठीने हे सगळे वाचले असते.

आई हयात असली तरी प्रश्न सुटत नाही. कायद्याची वाट कशी वळत गेली ते बघा. सरबती देवी विरुद्ध उषा देवी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली सांगितले की, नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा हात आहे, मालक नव्हे, पैसे वारसांचे. मग २०१५ मध्ये विमा कायद्यात दुरुस्ती झाली. स्वतःच्या जीवनावर पॉलिसी असेल आणि आई-वडील, पती किंवा पत्नी, मुले यांपैकी कोणाला नॉमिनी केले असेल, तर तो लाभाचा हक्कदार नॉमिनी धरायचा असे त्यात लिहिले. वाचणाऱ्याला वाटते, संपला वाद. पण कर्नाटक उच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आले. माणसाने अविवाहित असताना आईला नॉमिनी केले होते. पुढे लग्न झाले, मूल झाले, नाव बदलायचे राहिले, आणि तो गेला. आई एका बाजूला, सून आणि नातवंड दुसऱ्या बाजूला. २०२५ साली उच्च न्यायालयाने नॉमिनीचा हक्क वारसा कायद्याच्या वरचढ मानला नाही आणि आई, पत्नी व मूल यांना प्रत्येकी एक तृतीयांश वाटा दिला.

यात कोण जिंकले? कोणीच नाही. सासू-सून कोर्टात समोरासमोर उभ्या राहिल्या. त्या माणसाला आईलाही काही द्यायचे असेल, बायकोलाही. एकापेक्षा जास्त नॉमिनी लावून वाटा लिहिता येतो. जिवंतपणी त्याने ते लिहिले असते तर मागे भांडणाला कारण उरले नसते.

आणखी दोन बारीक गोष्टी. नॉमिनी अज्ञान असेल, म्हणजे १८ वर्षांखालचा, तर त्याच्या वतीने पैसे स्वीकारणारी सज्ञान व्यक्ती त्याच चिठ्ठीत नेमावी लागते. आणि प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, गटविमा, पॉलिसी, बँक खाते यांची नामनिर्देशने वेगवेगळी असतात. सर्व्हिस रेकॉर्डमध्ये बायकोचे नाव घातले म्हणून पॉलिसीवर ते आपोआप जात नाही. "ऑफिसात दिले आहे" हे वाक्य आम्ही फार ऐकले आहे.

माहेरचे नाव, सासरचे नाव

ही अडचण खास आपल्या मराठी घरांतली. लग्नानंतर मुलीचे आडनाव बदलते, मधले नाव बदलते, आणि कित्येक घरांत पहिले नावही बदलतात. आधार कार्डावर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, पॉलिसीवर तिसरे. आपण परप्रांतात नोकरीला असलो तर आणखी भर पडते. तिथल्या कारकुनाला आपली नावे लिहायची सवय नसते. वडिलांचे नाव आडनाव म्हणून चढते आणि आडनाव गाळले जाते. सिकंदराबादला किंवा जबलपूरला घेतलेल्या पॉलिसीवर तुमचे नाव कसे लिहिले आहे, एकदा डोळ्यांखालून घाला.

माणूस हयात असताना ही दुरुस्ती सोपी असते. विवाह नोंदणीचा दाखला किंवा नाव बदलल्याचे राजपत्र, ओळखपत्र आणि अर्ज दिला की नावाची एन्डॉर्समेंट मिळते. मागे राहिलेल्या बाईला मात्र "ती मीच" हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्रे करत हिंडावे लागते. महिला कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या पॉलिसीबाबतही हे आजच करून घ्यावे.

कर्जासाठी पॉलिसी दिली असेल तर

घर बांधायला किंवा मुलीच्या लग्नाला कर्ज काढताना पॉलिसी तारण ठेवतात. त्या वेळी पॉलिसीच्या पाठीवर किंवा वेगळ्या कागदावर असाइनमेंट लिहितात. तुमची सही, किमान एका साक्षीदाराची सही, आणि विमा संस्थेला लेखी सूचना. हे ३८ वे कलम. ही एन्डॉर्समेंट सर्वांत जड. पॉलिसीवरचा हक्कच ती दुसऱ्याच्या नावे करते.

असाइनमेंट झाली की आधीचे नामनिर्देशन रद्द होते हा मूळ नियम. विमा संस्थेकडूनच पॉलिसीवर कर्ज घेतले तर ते रद्द होत नाही, फक्त कर्जाची रक्कम आधी वळती होते. २०१५ नंतर बँक किंवा इतर कोणाकडून कर्ज घेताना केलेल्या असाइनमेंटलाही ही सवलत मिळाली. पण कर्ज फेडले म्हणून पॉलिसी आपोआप परत तुमच्या नावे होत नाही. फेरअसाइनमेंटची उलटी चिठ्ठी लागते. शेवटचा हप्ता भरला त्या दिवशी माणूस पेढे वाटतो आणि पॉलिसी बँकेत किंवा पतपेढीत तशीच राहते. वीस वर्षांनी दावा आला की चेक निघतो बँकेच्या नावे. म्हणून ना-देय दाखला, मूळ पॉलिसी आणि फेरअसाइनमेंटची नोंद, तिन्ही मिळाल्याशिवाय कर्ज संपले असे म्हणू नका.

तीन वर्षांचे घड्याळ

विमा कायद्याच्या ४५ व्या कलमाने कामगाराला मोठे संरक्षण दिले आहे. तीन वर्षे झाल्यावर, तुम्ही अर्जात अमुक लपवले होते असे म्हणून कोणत्याही कारणाने जीवन विम्याची पॉलिसी खोडून काढता येत नाही. पण ही तीन वर्षे कधीपासून मोजायची? पॉलिसी दिल्याची तारीख, जोखीम सुरू झाल्याची तारीख, बंद पॉलिसी पुन्हा चालू केल्याची तारीख आणि जोडसंरक्षण, म्हणजे रायडर, घेतल्याची तारीख, यांतली जी शेवटची तिच्यापासून.

म्हणजे पंधरा वर्षांची पॉलिसी मध्ये बंद पडली आणि तुम्ही ती गेल्या वर्षी पुन्हा चालू केली, तर घड्याळ गेल्या वर्षीपासून नव्याने सुरू झाले. पुन्हा चालू करताना एजंट तब्येतीचा फॉर्म पुढे करतो आणि म्हणतो, "सही करा, मी भरतो." बीपी, शुगर, दम्याची गोळी, रेल्वे इस्पितळात झालेली भरती, सगळे लपवून तो फॉर्म जातो. आपल्या इस्पितळात तर प्रत्येक भेटीची नोंद असते. तेव्हा फॉर्म स्वतः भरा, खरे लिहा, आणि पॉलिसी चालू केल्याचे लेखी पत्र आल्याशिवाय ती चालू झाली असे समजू नका.

मोटारसायकल विकताना

थोडे वाहनाबद्दल. गाडीच्या पॉलिसीवर आयएमटी असे लिहून पुढे आकडे असतात. ते एन्डॉर्समेंटचे क्रमांक. कर्जावर घेतलेल्या गाडीला ७ क्रमांकाची चिठ्ठी असते. गाडीच्या नुकसानीचे पैसे आधी कर्ज देणाऱ्याकडे जातात, ते तिच्यामुळे. सीएनजी किट बसवले तर २५ क्रमांकाची हवी. किट बसवून विमा कंपनीला सांगितलेच नाही तर दावा अडवायला तिला आयते कारण मिळते. काही चिठ्ठ्यांनी हप्ता वाढतो, काहींनी पैसे परत मिळतात, काहींनी पैशात काहीच फरक पडत नाही. चिठ्ठीवर ते लिहिलेले असते.

आपण सहकाऱ्याला गाडी विकतो आणि "विमा डिसेंबरपर्यंत आहे" असे सांगतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १५७ व्या कलमाने रस्त्यावरच्या तिसऱ्या माणसाच्या नुकसानीपुरता विमा नव्या मालकाकडे जातो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा आपोआप जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे नव्वदीच्या दशकातच स्पष्ट केले. नव्या मालकाने १४ दिवसांत अर्ज करून पॉलिसी आपल्या नावे करून घ्यायची असते. दावा न केल्याबद्दल मिळणारी सूट, नो क्लेम बोनस, हाही जुन्या मालकाचा असतो, गाडीचा नव्हे.

चिठ्ठीने काय होत नाही

हेही सांगितले पाहिजे, नाहीतर सगळे चिठ्ठीवर भागते असा समज होईल. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली नवऱ्याने पॉलिसी घेतली तर ती रक्कम बायको-मुलांची विश्वस्त ठेव होते. सावकार किंवा बँक तिला हात लावू शकत नाही, आणि नवराही ती मोडून खाऊ शकत नाही. फार चांगली सोय आहे. पण ती पॉलिसी घेतानाच मागायची असते. नंतर चिठ्ठी लावून ती मिळत नाही. नुकसान झाल्यावर मागची तारीख घालून काढलेल्या चिठ्ठीलाही अर्थ नसतो. आणि विमा संस्थेलासुद्धा एकतर्फी चिठ्ठी चिकटवून तुमचा हक्क कमी करता येत नाही, करारातच तशी मुभा असल्याशिवाय. चुकीची चिठ्ठी आली तर गप्प बसू नका, लगेच लेखी हरकत घ्या.

बँका पगारखात्याबरोबर अपघात विमा देतात, तिथे मात्र सावध राहा. त्या गटविम्यात करार बँक आणि विमा कंपनी यांच्यातला असतो. त्यात होणारे बदल तुमच्या घरी चिकटवायला येत नाहीत. दरवर्षी बँकेकडून चालू अटींची प्रत मागून घेणे आणि ती घरी दाखवणे हाच उपाय.

टपाल जीवन विमा

टपालातल्या बंधूंनी विचारले की आमच्या पीएलआयचे काय? ही योजना १ फेब्रुवारी १८८४ ला टपाल कर्मचाऱ्यांसाठीच सुरू झाली. तिचा कारभार टपाल खात्याच्या स्वतःच्या २०११ च्या नियमांनी चालतो. पण रीत तीच. नॉमिनी, नाव, पत्ता, हप्त्याची पद्धत, कशाचाही बदल असो, टपाल कार्यालयात अर्ज द्यायचा आणि नोंद झाल्याचे पाहायचे. कर्ज घेताना पॉलिसी राष्ट्रपतींच्या वतीने सर्कल किंवा विभागाच्या प्रमुखाकडे गहाण राहते, आणि फेडल्यावर ती मोकळी झाल्याची नोंद मागून घ्यावी लागते. काउंटरवर दुसऱ्यांच्या पॉलिसीचे काम रोज करणाऱ्या माणसाची स्वतःची पॉलिसी जुन्याच नॉमिनीवर असते, हेही आम्ही पाहिले आहे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आता काय करायचे?

भाषण ऐकून घरी जाऊन झोपायचे असेल तर आमचा आणि तुमचा वेळ फुकट गेला. म्हणून या रविवारी घरी एवढे करा.

एक : सगळ्या पॉलिसी बाहेर काढा, आणि हे काम घरच्या माणसांना जवळ बसवून करा. पॉलिसी तुमची असली तरी दावा त्यांनाच करायचा आहे.

दोन : प्रत्येक पॉलिसीवर चार गोष्टी तपासा : नाव, नॉमिनी, पत्ता आणि हप्ता कसा जातो. लग्न, मूल, मृत्यू, बदली, कर्ज यांपैकी जे घडले असेल ते कागदावर चढले आहे का बघा.

तीन : चढले नसेल तर अर्ज दोन प्रतींत द्या आणि एका प्रतीवर तारखेसह पोच घ्या. महिनाभरात चिठ्ठी आली नाही तर त्या पोचेचा हवाला देऊन पुन्हा लिहा.

चार : चिठ्ठी आली की वाचा. नाव, आकडा, तारीख बरोबर असेल तर मूळ पॉलिसीला जोडून ठेवा. मोबाईलवर आली असेल तर छापून ठेवा.

शाखांनाही काम आहे. बदली होऊन आलेल्या सभासदाच्या पहिल्या पगाराच्या पावतीवर विम्याची कापणी आली की नाही, हे शाखा प्रतिनिधीने विचारावे. निवृत्त होणाऱ्याला निरोप समारंभाला शाल-श्रीफळ देतोच. पगारातली कापणी आता थांबणार आणि हप्ता स्वतः भरायचा, एवढे सांगणारा कागदही हातात द्यावा.

आणि एवढे करूनही दावा अडला तर? आधी विमा संस्थेकडे लेखी तक्रार. महिनाभरात उत्तर नाही किंवा नकार आला, तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे फी नाही, वकील नाही; नॉमिनी किंवा वारस स्वतः जाऊ शकतात, आणि ५० लाख रुपयांपर्यंतची भरपाई लोकपाल देऊ शकतो. ग्राहक आयोगाची वाटही आहे. पीएलआयची तक्रार टपाल खात्याकडे करायची. अर्ज लिहायला युनियन ऑफिस आहेच. पण तुमच्या वतीने आम्ही भांडू शकतो ते कागदाच्या जोरावर. जो बदल तुम्ही कागदावर चढवलाच नाही, तो आम्ही कुठून दाखवणार?

रुळाला भेग पडली तर गाडी येण्याआधी लाल झेंडी लावतात, नंतर नव्हे. ट्रॅक मेंटेनर, म्हणजे आपला पूर्वीचा गँगमन, उन्हापावसात मैलोन् मैल चालून रूळ तपासतो, तेव्हा हजारो प्रवासी रात्री निर्धास्त झोपतात. आपल्या घरच्या माणसांसाठी महिन्यातला एक तास पॉलिसी तपासायला देणे त्यामानाने काहीच नाही. पुढच्या वर्गाला येताना प्रत्येकाने आपल्या पॉलिसीची झेरॉक्स आणावी. आम्ही एकेकाची बघून देऊ.